मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येणाऱ्यांसाठी घेतलेली पुस्तकं

शाळेच्या ग्रंथालयात मधल्या सुट्टीत कोण येतं ते पाहावं. वाचनाची खरी आवड असलेली मुलं त्यांच्या तासाला येतात, नाहीतर शाळा सुटल्यावर. मधल्या सुट्टीत येतात ती बहुतेक डबा खायला जोडीदार नसलेली. दारापाशी चपला काढताना त्यांचा डबा आधीच संपलेला असतो, कुठे आणि कसा ते मी विचारत नाही. यवतमाळहून वडिलांच्या बदलीमुळे नववीत आलेला मुलगा, ज्याचं ‘काय करून राहिला’ सगळा वर्ग त्याच्याच सुरात त्याला ऐकवतो. आठवीत एकाएकी सगळ्यांहून उंच झालेली आणि तेव्हापासून पोक काढून चालणारी मुलगी. ग्रहांखेरीज दुसरं काही न बोलणारा एक. वर्गाचा ग्रुप असलेल्या फोनवर ज्याचा नंबरच नाही असा एक, कारण घरात फोन एकच आणि तो आईबरोबर कामावर जातो.

मी सिंहगड रस्त्याकडच्या एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. मराठी, सेमी आणि इंग्रजी, तिन्ही माध्यमांची मुलं माझ्याकडे येतात. जनता वसाहतीतून चालत येणारी आणि नऱ्हे-धायरीच्या सोसायट्यांतून व्हॅननं येणारी मुलं एकाच टेबलाला बसतात. यंदा ग्रंथखरेदीच्या पैशातला एक भाग मी या मधल्या सुट्टीच्या वाचकांसाठी बाजूला ठेवला. वर्गात, घरात किंवा गावात ‘बाहेरचं’ ठरलेल्या किशोरांच्या कथा-कादंबऱ्या घ्यायच्या, आणि त्या हसवणाऱ्याही हव्यात आणि गंभीरही. कोणतं पुस्तक चाललं आणि कोणतं कपाटातच राहिलं, हे शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवरून कळतं. त्या चिठ्ठ्या आणि मुलांचं बोलणं यांवरून हे लिहिते आहे. घरी तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल किंवा तुम्ही शाळेसाठी पुस्तकं निवडत असाल, तर उपयोग होईल.

आधी न चाललेल्यांबद्दल, थोडक्यात. चिडवाचिडवी, व्यंग, एकटेपणा असे विषय घेऊन खास मुलांसाठी लिहिलेल्या काही कादंबऱ्या मी घेतल्या होत्या. त्यांची नावं लिहीत नाही, कारण दोष त्या एकेका पुस्तकाचा नाही, सगळ्या प्रकाराचाच आहे. त्यांत एकटा मुलगा असतो, त्याला त्रास देणारे असतात, एक समजूतदार शिक्षक असतो, आणि शेवटच्या प्रकरणात त्रास देणारे माफी मागतात. मुलं पहिली वीस पानं वाचतात आणि पुस्तक परत आणून देतात. यवतमाळच्या मुलानं कारण सांगितलं, ‘बाई, यात तो शेवटी क्रिकेटच्या टीममध्ये जाते. मला क्रिकेट येत नाही.’ अशा पुस्तकांत बाहेरच्या मुलाला आत आणल्याशिवाय लेखकाला पुस्तक संपवता येत नाही. म्हणजे जो आत आला नाही त्याची गोष्ट अजून अपुरी, असा निरोप मुलाला मिळतो. आणि त्या पुस्तकांत कोणी हसत नाही. एकट्या मुलाला हसूही येतं, तो दिवसभर आजूबाजूच्यांच्या गमती बघत असतो, हे त्या लेखकांच्या गावीही नसतं.

आता सर्वांत जास्त तारखा पडलेलं पुस्तक. स्यू टाउनसेंड या इंग्लिश लेखिकेची, रोजनिशीच्या रूपातली एड्रियन मोलची कादंबरी १९८२ साली आली. एड्रियनचं वय तेरा वर्षं आणि नऊ महिने. तो स्वतःला बुद्धिवंत समजतो, बीबीसीला कविता पाठवतो, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांची रोज नोंद ठेवतो, आणि पँडोरा नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम बसलेलं आहे. खोलीच्या भिंतींवरचा नॉडीचा बालिश वॉलपेपर झाकायला तो काळा रंग लावतो, पण नॉडीच्या टोपीवरच्या घंटा कितीही हात मारले तरी वर दिसत राहतात. गोंद हुंगून पाहायला जातो आणि खेळण्यातलं विमान नाकाला चिकटून बसतं. इंग्रजी माध्यमाच्या मुली हे वाचताना इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

पण त्याच पानांत त्याच्या घराची पडझड चालू आहे. आई शेजारच्या गृहस्थाबरोबर घर सोडून जाते. वडिलांची नोकरी जाते. शाळेत बॅरी केंट नावाचा दांडगा त्याच्याकडून पैसे उकळतो. आणि यातलं बरंचसं एड्रियनला वेळेवर कळतच नाही. शेजारी सारखे घरी का येतात, आई एवढी आनंदात का आहे, हे तो भाबडेपणानं रोजनिशीत लिहून ठेवतो आणि पुढे पुटकुळीकडे वळतो. वाचणाऱ्याला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या नोंदीतच उमगतं.

या पुस्तकाचं सगळं बळ इथे आहे असं मला वाटतं. वर्गातला विनोद ज्याला नेहमी सगळ्यांनंतर कळतो, ग्रुपमध्ये काय शिजतंय हे ज्याला शेवटी कळतं, त्या मुलाला इथे गोष्ट सांगणाऱ्याच्याही आधी कळतं. त्याला मोठं झाल्यासारखं वाटतं. एड्रियनवर हसता हसता त्याची काळजी वाटू लागते, ‘अरे, बघ ना नीट!’ असं म्हणावंसं वाटतं. ज्याची काळजी नेहमी इतरांनी करायची, त्याला दुसऱ्याची काळजी करायची संधी मिळते. ग्रहांवाल्या मुलानं पुस्तक परत देताना मला गंभीरपणे विचारलं, ‘बाई, त्याच्या आईला त्यानं पत्र का नाही लिहिलं लवकर?’ दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

बॅरी केंटचा प्रसंग तर माझ्याकडे वारंवार चर्चेला येतो. मुख्याध्यापक किंवा वडील यांच्याकडून प्रश्न सुटत नाही. शेवटी एड्रियनची आजी उठते, केंटच्या घरी जाते आणि पैसे परत घेऊन येते. मुलांना ही आजी फार आवडते. पण आठवीतल्या त्या उंच मुलीनं नेमका प्रश्न काढला, की आजीनं सोडवलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला अजून चिडवलं नसेल का? त्यावर टेबलाभोवती वाद रंगला. कुणी म्हणालं, आजी म्हणजे चालतं, आई असती तर चिडवलं असतं. कुणी म्हणालं, पैसे परत आले ना, मग चिडवू दे. त्या दिवशी घंटा झाल्यावरही कुणी उठेना.

टाउनसेंड यांच्याबद्दल मुलांना मी मुद्दाम सांगते. लेस्टर शहरातल्या कामगार वस्तीत त्या वाढल्या, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, पुढे तीन मुलांना एकटीनं सांभाळताना त्या कुणाला न सांगता लिहीत राहिल्या. २०१४ साली त्या गेल्या. एड्रियन हे पुस्तकी डोक्याचं पण पुस्तकात बसता न येणारं पोरगं त्यांना इतकं आतून कसं कळलं, याचं उत्तर त्या आयुष्यात आहे. म्हातारा बर्ट बॅक्स्टर, त्याचं कुत्रं, त्याचं अस्ताव्यस्त घर आणि शाळेच्या उपक्रमातून त्याची सेवा करायला गेलेला एड्रियन यांच्यात जी मैत्री होते, ती वरवर नुसती गंमत वाटते. मला ती पुस्तकातली सगळ्यात जिव्हाळ्याची जागा वाटते.

पालकांसाठी सरळ सांगते: वयात येण्याबद्दलचे उघड उल्लेख यात आहेत. आई-वडिलांचं वेगळं होणं आहे, सिगारेटी आहेत. मी नववीच्या खाली देत नाही, फार तर आठवीच्या शेवटी, मूल पाहून. इंग्रजी अवघड नाही, वाक्यं छोटी, रोजच्या नोंदी अर्ध्या पानाच्या. पण ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटनचे संदर्भ पानोपानी येतात. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाई कोण, हे एकदा सांगून टाकलं की पुढे अडत नाही. सेमीच्या मुलांना मी दिवसाच्या दोन-तीन नोंदी बरोबर बसून वाचायला लावते. आठवड्याभरात ती आपली आपण वाचू लागतात.

दुसरं पुस्तक हसवण्यात कमी आणि दुखवण्यात जास्त. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’. १९६७ साली ही कादंबरी आली तेव्हा हिंटन अठरा वर्षांच्या होत्या, आणि लिहायला सुरुवात केली तेव्हा पंधरा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टुलसा शहरात, शाळेत शिकत असताना त्यांनी ती लिहिली. त्याच काळात निर्मितिशील लेखनाच्या विषयात त्यांना ‘डी’ श्रेणी मिळाली होती. हे सांगितलं की निबंधात कमी गुण पडलेली मुलं मान वर करतात.

गोष्ट चौदा वर्षांच्या पोनीबॉयची. आई-वडील मोटार अपघातात गेलेले. वीस वर्षांचा थोरला भाऊ डॅरी कॉलेजचं स्वप्न सोडून घर चालवतो, मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर काम करतो. केसांना तेल चोपडणारी गरीब वस्तीतली मुलं एका बाजूला आणि मोटारींतून फिरणारी श्रीमंत वस्तीतली दुसऱ्या बाजूला. हाणामाऱ्या, एक खून, पळून जाणं, एका पडक्या चर्चमध्ये लपून राहणं, आग.

ही कादंबरी मी शनिवारी रिकाम्या तासांना मोठ्यानं वाचली, इंग्रजीतून थोडं वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं असं. सुरुवातीला नावांवर हसणं झालं. मग डॅरी धाकट्याला थोबाडीत मारतो ते पान आलं आणि वर्ग शांत झाला. डॅरी वाईट आहे की नाही, यावर मत देताना मुलं आपापल्या घरातल्या डॅरींबद्दल बोलत होती, नाव न घेता. दहावीनंतर लगेच नोकरीला लागलेले दादा आमच्या मुलांना चांगले माहीत आहेत. रात्रपाळी करून आलेला दादा धाकट्याची वही तपासतो आणि एका गुणासाठी कान पिळतो, तेव्हा तो रागात किती आणि भीतीत किती, हे धाकट्याला कळायला वेळ लागतो. पुस्तकात पोनीबॉयला ते इस्पितळात कळतं, डॅरीच्या डोळ्यांत पाणी पाहून. ते पान मी वाचलं तेव्हा माझाही आवाज नीट लागेना.

पुस्तकात तऱ्हेवाईक विनोदाची जबाबदारी टू-बिट नावाच्या मित्रावर आहे. तो कुठल्याही प्रसंगात तोंडाळपणा करतो आणि ताण थोडा सैल होतो. मला तो आणखी हवा होता. उत्तरार्धात मृत्यू एकामागून एक येतात, आगीचा प्रसंग सोयीचा वाटतो, भावना काही ठिकाणी फार उघडी पडते. सोळाव्या वर्षीचं लेखन आहे ते दिसतं. पण चाळिशीच्या लेखकानं जे आवरून लिहिलं असतं, ते हिंटन यांनी न आवरता लिहिलं, आणि मुलांना ते खरं वाटतं ते त्यामुळेच. बऱ्या घरातल्या मुलांनाही इथे दुःख आहे. चेरी नावाची श्रीमंत मुलगी पोनीबॉयला सांगते की आमच्याकडेही सगळं सुरळीत नसतं, तेव्हा आमच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकदम चुळबुळ झाली. जनता वसाहतीतली आणि सोसायटीतली मुलं एकमेकांकडे न बघता तेच ऐकत होती.

एक माहिती मला ग्रंथपाल म्हणून फार जवळची आहे. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागातल्या लोन स्टार शाळेच्या ग्रंथालयातल्या बाईंनी आणि मुलांनी सह्या करून दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवलं, की या कादंबरीवर तुम्ही चित्रपट करा. त्यांनी केला, १९८३ साली आला. शाळेच्या ग्रंथालयात मुलं पुस्तकावर इतका जीव लावतात, की सह्या गोळा करून थेट दिग्दर्शकाला पत्र धाडतात! ही गोष्ट मी आमच्या मुख्याध्यापकांना खरेदीच्या यादीबरोबर लिहून दिली होती.

मराठीकडे येते. प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं, मौज प्रकाशनाची. ‘वनवास’ १९९४ साली आलं, संत २००३ मध्ये गेले आणि ‘झुंबर’ त्यांच्या पश्चात आलं. लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो, कानडी मुलखाच्या सीमेवरच्या गावात. या शहरात मामाकडे, काकाकडे, आत्याकडे ‘शिकायला’ ठेवलेली मुलं किती आहेत, हे माझ्या हजेरीपटावरून मी सांगू शकते. त्यांना कुणी छळत नाही. जेवायला मिळतं, फी भरली जाते, दिवाळीला कपडे होतात. तरी संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांना काहीतरी होतं. त्या ‘काहीतरी’वर मराठीत संतांइतकं कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

आणि ते रडकं नाही. लंपन कुठलीही गोष्ट सांगताना मोठमोठे आकडे असे फेकतो की जणू त्यानं मोजूनच पाहिलंय. त्याच्या मते सगळे मॅडसारखे वागत असतात आणि त्यात तो स्वतःलाही धरतो. मैत्रीण सुमीबद्दल त्याला काय वाटतं हे तो कधी सरळ सांगत नाही, पण ती जवळ आली की वाक्याची चाल बदलते. मोठी माणसं त्याला जे सांगत नाहीत ते तो अर्धवट ऐकतो, अर्धवट जोडतो, आणि त्या अर्धवटपणातून वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. एड्रियन मोलबद्दल जे म्हटलं, की वाचणाऱ्याला आधी कळतं, तेच इथे आहे. फरक एवढाच की एड्रियनला कळत नाही कारण तो स्वतःत गुंतलेला आहे, लंपनला कळत नाही कारण तो लहान आहे. आणि कळतं तेव्हा तो ते कुणाशी बोलत नाही.

संत हे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. त्यांचे वडील ना. मा. संत १९४६ साली गेले, तेव्हा प्रकाश नऊ वर्षांचे होते. मुलांना मी हे पुस्तक वाचून झाल्यावर सांगते, आधी नाही. आधी सांगितलं तर ती प्रत्येक पानात दुःख शोधत बसतात आणि हसायचं विसरतात.

अडचण सांगायलाच हवी. मुलं पहिल्या दोन पानांत अडतात. बोलीत कानडी मिसळलेली, काळ जुना, घटना सावकाश घडणाऱ्या. मोबाइलवर बोट फिरवायची सवय झालेल्या मुलाला वाटतं की काही होतच नाही. २०२४ साली आलेली ‘लंपन’ ही वेबमालिका काहींनी पाहिली होती, त्यांना आत शिरायला सोपं गेलं. बाकीच्यांना मी ‘वनवास’मधली पहिली कथा मोठ्यानं वाचून दाखवते, वाक्यांची चाल कानात बसेपर्यंत. एकदा कान लागला की मुलं पुढचं पुस्तक मागायला येतात. यवतमाळच्या मुलानं चारही पुस्तकं संपवली. आपल्याच बोलीत बोलणारा मुलगा छापील पुस्तकात पान पान भरून बोलतो आणि कुणी त्याला दुरुस्त करत नाही, हे त्यानं मला सांगितलं नाही. पण त्यानंतर वर्गात त्यानं आपलं बोलणं बदलायचा प्रयत्न सोडून दिला, हे त्याच्या मराठीच्या बाईंनी मला सांगितलं. हे चार पुस्तकांचं सगळं मोल वसूल झालं, असं मी मानते.

सातवीपासून लंपन द्यायला हरकत नाही. शेवटच्या पुस्तकासाठी मूल थोडं मोठं हवं. छपाई देखणी, टाइप डोळ्यांना सुखाचा.

फास्टर फेणेबद्दल पुण्यातल्या वाचकांना मी काय सांगायचं! भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा. आजच्या मुलांना फुरसुंगी म्हटलं की कचरा डेपो आठवतो, म्हणून ते नाव वाचल्यावर आधी नाकं मुरडली गेली. मग फुरसुंगीहून शाळेत येणाऱ्या बसमधली एक मुलगी ताठ बसून म्हणाली, ‘फाफे आमचा आहे.’ काटकुळा, सदैव धडपडणारा, तोंडानं ‘ट्टॉक’ असा आवाज करणारा हा पोरगा पुण्याच्या शाळेत गावाकडून येतो, आणि कुणाच्या मेहेरबानीची वाट न पाहता आपल्या वेगानं जागा मिळवतो. ज्यांनी आयुष्यात एकही पुस्तक पुरं वाचलेलं नाही, त्यांच्या हातात मी हे पहिल्यांदा देते. एका बैठकीत संपतं आणि ‘मी पुस्तक संपवलं’ हा अनुभव त्यांना मिळतो. सुमीत राघवनच्या मालिकेच्या आठवणी आता पालकांच्या, मुलांना माहीत आहे तो २०१७ च्या चित्रपटातला अमेय वाघ. तो मोठा झालेला फेणे पाहून आलेल्या मुलांना पुस्तकातला शाळकरी फेणे आधी लहान वाटतो आणि मग आपला वाटतो.

मात्र एकटेपणाच्या बाबतीत फाफेकडून फार अपेक्षा ठेवू नये. साहस सुरू झालं की एकटेपणा पानभरही टिकत नाही. चोर पकडला की सगळे मित्र. ज्या मुलाला चोर पकडायला मिळत नाही, त्याला पुढे लंपनकडे न्यावं लागतं.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ मी या कपाटात ठेवलेली नाही. १९६३ ची ही कादंबरी, खानदेशातल्या सांगवीहून पुण्याच्या कॉलेजात आलेल्या पांडुरंग सांगवीकराची. बाहेरून आलेल्या मुलाला पुणं कसं दिसतं, यावर तिच्याइतकं खदखदून हसवणारं आणि त्याची बहीण मनी हिच्या मृत्यूच्या पानांइतकं हलवणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही. पण ती चौदाव्या वर्षाची नाही. दहावी होऊन निरोप घ्यायला येणाऱ्यांपैकी ज्याच्या चेहऱ्यावर मला सांगवीकर दिसतो, त्याला मी माझी स्वतःची प्रत देते. एकजण ती परत करायला आला तेव्हा हॉस्टेलच्या खाणावळीबद्दल तासभर बोलत बसला.

खरेदीबद्दल. अप्पा बळवंत चौकात मराठी पुस्तकं सगळी मिळतात, शाळेच्या लेटरहेडवर मागणी नेली तर सवलतही चांगली मिळते. पण ‘तेरा ते सोळा वयासाठी दाखवा’ असं म्हटलं की काउंटरवरचा माणूस एकतर चित्रांच्या गोष्टी काढतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेची गाइडं. त्याचा दोष नाही, तसं वेगळं कपाट मांडण्याची रीतच आपल्याकडे पडलेली नाही. म्हणून पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहून न्यावं. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे मुलांना घेऊन जावं आणि प्रत्येकाला एक पुस्तक स्वतः निवडू द्यावं. मी नेलं तेव्हा उंच मुलगी एका स्टॉलपाशी जी उभी राहिली ती शोधून आणावी लागली. इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या घेताना टाइप उघडून बघावा. काहींचा इतका बारीक असतो की चश्मा असलेलं मूल तिसऱ्या पानावर दमतं. डिंकानं चिकटवलेली बांधणी शाळेत वर्षभरही टिकत नाही. नवीन पुस्तक कपाटात लावण्याआधीच मी बुधवार पेठेतल्या बाइंडरकडून दोरा घालून घेते, त्याचा खर्च खरेदीतच धरावा. पैसे अजिबात नसतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहेच. १९७१ पासूनचं हे मासिक, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यातल्या कथा छापून मी टेबलावर ठेवते.

कुठलं पुस्तक कुणाला द्यावं याचा माझा क्रम असा. वाचनाची सवयच नसेल तर फाफे. घरापासून दूर राहणाऱ्याला ‘वनवास’, आणि ते स्वतः बरोबर बसून. चिडवलं जाणाऱ्याला एड्रियन, नुसतं हातात देऊन, काही न बोलता. रागावलेल्याला ‘द आउटसायडर्स’. देताना ‘यात तुझ्यासारखाच एक मुलगा आहे’ हे वाक्य चुकूनही बोलू नये. मुलाला ते स्वतः सापडू द्यावं. सापडलं नाही तरी पुस्तक वाचून झालेलं असतं, तेही पुष्कळ.

मुलींचा एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. हिंटन यांचं नाव प्रकाशकानं आद्याक्षरांत छापलं, लेखिका आहे हे कळून मुलांनी आणि समीक्षकांनी पुस्तक बाजूला ठेवू नये म्हणून. हे ऐकल्यावर दहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘लिहिलं मुलीनं, आणि गोष्ट सगळी मुलांची.’ मग त्यांनी माझं कपाट तपासलं. एड्रियन मुलगा, पोनीबॉय मुलगा, लंपन मुलगा, फाफे मुलगा. सुमी, पँडोरा, चेरी सगळ्या छान, पण गोष्ट त्यांच्या तोंडून नाही. मुलीनं सांगितलेली, हसवणारी, तेरा-चौदा वर्षांच्या एकट्या मुलीची मराठी कादंबरी माझ्या कपाटात नाही, आणि मुलींना मी दरवेळी ‘शोधते आहे’ एवढंच सांगते. तुमच्या माहितीत असेल तर नाव कळवा. पुढच्या खरेदीत तिच्या पाच प्रती घेईन.